‘पेर्दोनो’चे दोन उच्चार

काही वर्षांपूर्वी दिल्लीत एका लहानशा वाचनसंध्येत मी एका इटालियन कथेचा मराठी अनुवाद वाचला. कथा साधी होती. डोंगरातल्या गावात राहणारी एक म्हातारी, कामाच्या शोधात शहरात गेलेले तिचे दोन मुलगे, आणि दर उन्हाळ्यात रिकाम्या हाताने होणारे त्यांचे परतणे. शेजारीण विचारते, यंदा काय झाले? म्हातारी दोनच शब्दांत उत्तर देते: ‘पेर्दोनो सेम्प्रे.’ मी लिहिले होते, ‘मी नेहमीच क्षमा करते.’ त्या वाक्यापाशी सभागृहात थोडी शांतता पसरली, आणि ती मला दाद वाटली.

श्रोत्यांमध्ये मराठी कळणारे चौघेपाचजणच होते. म्हणून मूळ इटालियन उताराही वाचायचा असे ठरले होते. मी तोही वाचला. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर इटालियन बाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी ते दोन शब्द माझ्यासारखे म्हटले, मग त्यांच्या पद्धतीने म्हटले. फरक एवढाच की मी जोर ‘दो’वर दिला होता आणि त्यांनी ‘पेर्’वर. “तुम्ही म्हातारीला संत करून टाकलेत,” त्या हसून म्हणाल्या. “ती क्षमा करत नाही. ती म्हणते आहे, पोरे नेहमी हरतात.”

इटालियन लिपीत दोन्ही शब्दांचे स्पेलिंग एकच. आघात ‘दो’वर असेल तर ‘मी क्षमा करते’, ‘पेर्’वर असेल तर ‘ते हरतात’. छापताना त्यावर कोणतीही खूण नसते. मधल्या अक्षरांवरचा आघात इटालियन लोक सहसा लिहीत नाहीत, कारण त्यांना तो कानाने ठाऊक असतो. मी ती भाषा पुस्तकातून शिकले होते. त्या रात्री घरी आल्यावर मी अनुवाद दुरुस्त केला, पण एक प्रश्न उरला. हे दोन शब्द एकसारखे दिसत असूनही वेगळे का ऐकू येतात? उत्तर शोधायला गेले तेव्हा कळले की ती दीड-दोन हजार वर्षांची गोष्ट आहे, आणि इटालियन क्रियापदांमध्ये जे जे विचित्र वाटते त्यातले बरेचसे त्या गोष्टीतून आले आहे.

आधी अक्षरांविषयी. या लेखात अक्षर म्हणजे कागदावरचे चिन्ह नव्हे. एका स्वराच्या आधाराने तोंडातून बाहेर पडणारा उच्चाराचा तुकडा. शब्द ओळीच्या शेवटी तोडावा लागला तर कुठे तोडायचा, हे इटालियन मुले प्राथमिक शाळेत टाळ्या वाजवत शिकतात. ‘पार्लो’ (मी बोलतो) म्हणजे पार्-लो. आपण रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवतो. त्यांच्याकडे ‘र्’ मागच्या अक्षराजवळ राहतो. दुहेरी व्यंजन मधोमध तुटते: ‘लेज्जेरे’ (वाचणे) म्हणजे लेज्-जे-रे. पण ‘स्’ पुढच्या व्यंजनाला चिकटून जातो: ‘फिनिस्को’ (मी संपवतो) म्हणजे फि-नि-स्को. ही तोडणी आपल्या जोडाक्षराच्या सवयीला जवळची. ध्वनिशास्त्रज्ञांना मात्र ती पटत नाही. कानाला तो ‘स्’ मागच्या अक्षरात ऐकू येतो, असे ते म्हणतात. शाळा आणि कान यांच्यातला वाद तिथेही आहे.

ही तोडणी नुसती छापखान्याची सोय नाही. तिच्यावर क्रियापदाचा काळ ठरतो. ‘का-दे’ म्हणजे ‘तो पडतो’, ‘काद्-दे’ म्हणजे ‘तो पडला’. ‘पार्-ले-रे-मो’ म्हणजे ‘आम्ही बोलू’, आणि ‘पार्-ले-रेम्-मो’ म्हणजे ‘आम्ही बोललो असतो’. भविष्यकाळ आणि संकेत यांच्यामध्ये एक ‘म्’ उभा आहे. शिवाय आघाताचे अक्षर शब्दाच्या मध्यात आणि स्वरान्त असेल तर त्याचा स्वर लांबतो, व्यंजनाने बंद झालेले असेल तर आखूड राहतो. म्हणजे अक्षर कुठे तुटते आणि जोर कुठे पडतो, या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

इथे मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते शाळेत मराठी शिकवत आणि वृत्ते बोटांवर मोजायला लावत. दीर्घ स्वर असेल तर अक्षर गुरू, ऱ्हस्व असले तरी पुढे जोडाक्षराचा आघात आला तर तेही गुरू, बाकीचे लघू. मला तो घोकंपट्टीचा कंटाळवाणा भाग वाटे. लॅटिनचे व्याकरण उघडले आणि पहिल्याच प्रकरणात वडिलांची बोटे भेटली. लॅटिनमध्ये शब्दावर जोर कुठे द्यायचा हे लघू-गुरूच ठरवीत. शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, ते लघू असेल तर शेवटून तिसऱ्यावर. शब्द दोनच अक्षरांचा असेल तर पहिल्यावर. तिसऱ्याच्या मागे आघात कधी जात नसे, आणि शेवटच्या अक्षरावर जवळजवळ कधीच येत नसे.

हा नियम ‘पेर्दोनो’ला लावून पाहा. ‘ते हरतात’, ‘ते गमावतात’ यासाठी लॅटिन रूप होते ‘पेर्दुन्त्’. दोन अक्षरे, म्हणून आघात पहिल्यावर. ‘क्षमा करणे’ हे क्रियापद उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘पेर्’ आणि ‘दोनारे’ (देणे, दान करणे) मिळून तयार झाले. ‘पेर्दोनो’मधला ‘दो’ दीर्घ, म्हणून गुरू, म्हणून आघात त्यावर. लॅटिनमध्ये दोन रूपांत गोंधळ होण्याचे कारणच नव्हते. एक दोन अक्षरांचे होते, दुसरे तीन. मग त्यांचे स्पेलिंग एक कसे झाले?

त्यासाठी दोन घटना घडाव्या लागल्या. पहिली म्हणजे लॅटिन बोलणाऱ्यांच्या कानातून ऱ्हस्व-दीर्घ निघून गेले. याचा एक साक्षीदार सेंट ऑगस्टिन (इ. स. ३५४–४३०). उत्तर आफ्रिकेतला हा धर्मगुरू लिहितो की आफ्रिकी कानांना स्वराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद कळत नाही. ‘ओस्’ ऱ्हस्व म्हटले तर हाड, दीर्घ म्हटले तर तोंड. पण प्रवचन ऐकायला आलेल्या माणसाला दोन्ही सारखेच वाटतात. त्यावर ऑगस्टिनचा उपाय व्यवहारी आहे. हाडासाठी सरळ ‘ओस्सुम्’ हा गावठी शब्द वापरावा. विद्वानांच्या लेखी अशुद्ध असला तरी लोकांना कळतो. आजचा इटालियन ‘ओस्सो’ हा त्याच गावठी शब्दाचा वंशज. शिष्टसंमत शब्द मागे पडला.

ऱ्हस्व-दीर्घ गेले म्हणजे आघाताचा नियम ज्यावर उभा होता तो पायाच गेला. पण आघात जागचे हलले नाहीत. घर पडावे आणि दिवा मात्र होता तिथेच जळत राहावा, तसे झाले. ‘विदेरे’ (पाहणे) यात ‘दे’ दीर्घ होता. आज इटालियन ‘वेदेरे’मध्ये आघात ‘दे’वरच आहे. ‘लेगेरे’ (वाचणे) यात ‘गे’ ऱ्हस्व होता. आज ‘लेज्जेरे’मध्ये आघात ‘लेज्’वर. विद्यार्थ्याला वाटते की ‘एरे’ने संपणारी ही दोन क्रियापदे विनाकारण वेगळी वागतात. कारण आहे, ते फक्त दिसेनासे झाले आहे. अर्थात काही क्रियापदे वाटेत पंक्ती बदलून बसली. ‘सापेरे’ (जाणणे) याचा आघात लॅटिनमध्ये ‘सा’वर होता, आज ‘पे’वर आहे. ‘रिदेरे’ (हसणे) याचा उलटा प्रवास झाला. पण बहुसंख्य रूपांनी जुनी जागा धरून ठेवली.

दुसरी घटना शब्दांच्या शेवटाला घडली. लॅटिन क्रियापदांच्या शेवटी ‘त्’, ‘न्त्’ अशी व्यंजने असत. इटलीच्या तोंडाला शब्द स्वरावर संपवायची सवय लागली आणि ही व्यंजने गळली किंवा झाकली गेली. ‘पेर्दुन्त्’चा ‘त्’ गेला, आणि उरलेल्या ‘न्’ला टेकू म्हणून ‘ओ’ जोडला गेला. हा ‘ओ’ ‘सोनो’ (आहेत) या रूपाच्या अनुकरणाने इतर क्रियापदांत पसरला, असे साधारणपणे मानतात. तो वरून चिकटवलेला आहे हे आजही कळते, कारण कवितेत आणि गाण्यांत तो सहज गळतो. ‘पार्लानो’ (ते बोलतात) याचे ‘पार्लान’ होते. तर अशा रीतीने दोन अक्षरी ‘पेर्दुन्त्’ तीन अक्षरी ‘पेर्-दो-नो’ झाले आणि दिसायला ‘क्षमा करते’च्या शेजारी जाऊन बसले. पण नवा ‘ओ’ आला म्हणून आघात पुढे सरकला नाही. तो पहिल्या अक्षरावर होता, तिथेच राहिला.

तृतीयपुरुषी अनेकवचनात परदेशी विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच. आमच्या वर्गात मी ‘पार्लानो’चा आघात ‘ला’वर देत असे, कारण इटालियन शब्दांत बहुधा तो शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. माझ्या शेजारी बसणारा बंगाली सहाध्यायी प्रत्येक शब्द पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणे. त्यामुळे ‘पार्लानो’ त्याचा बरोबर येई आणि ‘पार्लारे’ (बोलणे) चुके. माझे नेमके उलटे. आम्ही दोघे आपापल्या सवयी इटालियनवर लादत होतो. नियम खरे तर सोपा आहे: एकवचनात जिथे जोर, तिथेच अनेकवचनात. ‘आबिता’ (तो राहतो) याचा जोर ‘आ’वर, म्हणून ‘आ-बि-ता-नो’ (ते राहतात) याचाही ‘आ’वर. इथे लॅटिनची तीन अक्षरांची मर्यादा मोडली. लॅटिन ‘हाबितान्त्’मध्ये आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर होता, मागे ‘ओ’ येऊन चिकटला आणि तो शेवटून चौथा झाला. ‘तेलेफोनानो’ (ते फोन करतात) याचा जोर ‘ले’वर, तोही शेवटून चौथा. टेलिफोन रोमनांनी पाहिला नव्हता, पण त्यांच्या क्रियापदांची चाल फोनपर्यंत पोहोचली. आज्ञार्थाला सर्वनामे जोडली तर आघात आणखी मागे पडतो: ‘फाब्-ब्रि-का-मे-लो’ (ते मला बनवून दे) यात तो शेवटून पाचवा आहे.

शेवट वाढला तसा काही रूपांत तो कापलाही गेला. ‘कान्तो’ म्हणजे ‘मी गातो’. त्याच शब्दाच्या शेवटच्या ‘ओ’वर जोर दिला की ‘तो गायला’. हे भूतकाळी रूप लॅटिन ‘कान्ताविट्’पासून आले. त्यात आघात ‘ता’वर होता. पुढचा ‘इ’ गळला, ‘आव्’चे ‘औ’ आणि मग ‘ओ’ झाले, शेवटचे व्यंजन गेले. आघात पुढे गेलेला नाही. त्याच्या पुढचे सगळे झडून गेले म्हणून तो शेवटी आला. इटालियन व्याकरणात अशा शब्दाला ‘त्रोंका’ म्हणतात, म्हणजे छाटलेला. शेवटून दुसऱ्यावर जोर असेल तो ‘पियाना’, सपाट. तिसऱ्यावर असेल तो ‘स्द्रुच्चोला’, घसरणारा. चौथ्यावर असेल तो ‘बिस्द्रुच्चोला’, दोनदा घसरणारा. ज्याने ही नावे ठेवली त्याचा कान चांगला होता.

भविष्यकाळाची हकीकत आणखी वेगळी. ‘कान्तेरो’ (मी गाईन) याचाही जोर शेवटी पडतो, पण तो छाटल्यामुळे नव्हे. हे मुळात दोन शब्द होते: ‘कान्तारे हाबेओ’, म्हणजे ‘मला गायचे आहे’. आपण ‘करतो आहे’चे ‘करतोय’ केले, तसे तिथे दोन शब्दांचे एक रूप झाले आणि दुसऱ्या शब्दाने आपला जोर सोबत आणला. या जोडणीचा फार जुना पुरावा सातव्या शतकातल्या, फ्रेडेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत मिळतो, तोही एका आख्यायिकेत. पराभूत पर्शियन राजा प्रांत द्यायला नकार देतो. त्यावर सम्राट जस्टिनियन उत्तर देतो, ‘दारास’, म्हणजे ‘तू देशील’. म्हणून त्या जागी वसलेल्या नगराचे नाव दारा पडले, असे बखरकार सांगतो. नगराच्या नावाची ही व्युत्पत्ती दंतकथाच आहे. पण ‘देणे’ आणि ‘असणे’ यांचा सांधा त्या एका शब्दात स्पष्ट दिसतो, आणि आजच्या इटालियन ‘दाराइ’मध्येही.

आघाताने नुसता उच्चार बदलला नाही, धातूचा चेहराही बदलला. ‘धरणे, ठेवणे’ या अर्थाचे ‘तेनेरे’ पाहा. ‘तिये-ने’ (तो धरतो), ‘तेन्-गो’ (मी धरतो), ‘ते-निया-मो’ (आम्ही धरतो). एकाच धातूची तीन तोंडे. पहिल्या रूपात आघाताचे अक्षर उघडे आहे, म्हणून ‘ए’ फुलून ‘इये’ झाला. दुसऱ्यात आघात आहे पण अक्षर ‘न्’ने बंद झाले, म्हणून ‘ए’ तसाच. तिसऱ्यात आघात पुढे गेला, म्हणून धातूला काहीच झाले नाही. अक्षर कुठे तुटते आणि जोर कुठे पडतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सगळे अवलंबून आहे. ‘मुओरे’ (तो मरतो) पण ‘मोरियामो’ (आम्ही मरतो). ‘एस्को’ (मी बाहेर पडतो) पण ‘उशियामो’ (आम्ही बाहेर पडतो). पाठ्यपुस्तक यांना अनियमित म्हणते. त्या काळच्या नियमाने ती चोख होती. नियम करणारे गेले आणि रूपे मागे राहिली.

अशा हेलकाव्यातून सुटण्याची एक वाटही भाषेने शोधली. लॅटिनमध्ये ‘स्क’ हा प्रत्यय ‘होऊ लागणे’ दाखवीत असे. इटालियनने त्याचा अर्थ सोडला आणि त्याला धातू व प्रत्यय यांच्यामध्ये पाचरीसारखे ठोकले: ‘फि-नि-स्को’. या पाचरीमुळे जोर धातूवर कधी पडतच नाही. ‘फिनिस्को’, ‘फिनियामो’, सगळीकडे ‘फिन्’ तसाच.

कवींनी या आघाताचा हिशेब पहिल्यापासून नेमका ठेवला. दांतेपासून चालत आलेली इटालियन कवितेची मुख्य ओळ अकरा अक्षरांची मानतात. पण मोजायला बसलो तर कधी दहा भरतात, कधी बारा. मला वाटले माझीच बोटे चुकली. मग समजले की खरा नियम शेवटच्या आघाताचा आहे. तो दहाव्या अक्षरावर यायला हवा. शेवटचा शब्द सपाट असेल तर एक अक्षर उरते आणि अकरा भरतात. छाटलेला असेल तर दहावरच ओळ थांबते. घसरणारा असेल तर बारा होतात. आरिओस्तोने सोळाव्या शतकात आपली पद्यनाटके अशा घसरत्या ओळींत लिहिली. कवीला आणि श्रोत्याला आघात सारखाच ऐकू येत होता, तोवर हे सारे बिनबोभाट चालले.

मग छापखाना आला. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुत्सिउसने १५०१ साली पिएत्रो बेंबोच्या संपादनाखाली पेत्रार्काची कविता छापली. इटालियन छपाईत अपॉस्ट्रॉफी रुळली ती या पुस्तकापासून. त्याच शतकात शेवटच्या अक्षरावरची आघाताची खूणही स्थिरावत गेली. १५२४ मध्ये जाँजोर्जो त्रिस्सिनोने आणखी पुढे जायचे ठरवले. उघडा आणि मिटलेला ‘ए’, उघडा आणि मिटलेला ‘ओ’ वेगळे दाखवण्यासाठी त्याने ग्रीक अक्षरे उसनी घ्यायची सूचना केली. फार टीका झाली; ग्रीक अक्षरे टिकली नाहीत. शेवटी तडजोड झाली ती अशी: आघात शेवटच्या अक्षरावर असेल तर लिहायचा, मधल्या अक्षरांवर असेल तर वाचणाऱ्यावर सोडायचा. माझी म्हातारी या तडजोडीच्या फटीत सापडली.

‘वाचणाऱ्यावर सोडायचा’ यात एक गृहीत आहे. वाचणाऱ्याने तो शब्द आधी ऐकलेला असला पाहिजे. पण १८६१ साली इटलीचे राज्य एक झाले तेव्हा इटालियन बोलणारे होते किती? तुल्लिओ दे माउरोने १९६३ साली हिशेब मांडला तो लोकसंख्येच्या जेमतेम अडीच टक्के. आर्रिगो कास्तेल्लानीने पुढे तो आकडा नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास नेला. दोन्हींतला कोणताही घ्या. बहुतेक माणसे आपापल्या बोलीत जगत होती आणि सुमारे तीन चतुर्थांश लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते. मान्झोनीने आपली कादंबरी १८४०च्या आवृत्तीसाठी फ्लोरेन्सच्या बोलीप्रमाणे शब्दाशब्दाने सुधारली. ‘मी करत असे’ या काळातले पुस्तकी ‘आवेवा’ काढून बोलण्यातले ‘आवेवो’ घातले. १८६८ साली त्याने सरकारला अहवाल दिला की साऱ्या देशाने फ्लोरेन्सचे बोलणे शिकावे. पण सिसिलीतल्या किंवा पिएमोंतेतल्या मुलाच्या हाती पुस्तकच येणार होते, फ्लोरेन्सचा शेजारी नव्हे. देशाच्या भाषेपुढे तो मुलगा माझ्याइतकाच परका होता.

हा कान पुढे रेडिओ-टेलिव्हिजनने पुरवला. १९३९ साली सरकारी रेडिओसाठी बेर्तोनी आणि उगोलिनी यांनी उच्चारांची मार्गदर्शिका तयार केली. फॅसिस्ट राजवटीचे दिवस होते. जिथे रोम आणि फ्लोरेन्स यांचे जमत नव्हते तिथे कौल रोमकडे झुकला. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मान्झी नावाचा शिक्षक टेलिव्हिजनवर प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवत होता. १९६९ मध्ये निवेदकांसाठी उच्चारांचा मोठा कोशही निघाला. तरीही घोळ मिटलेला नाही. ‘मी मूल्यमापन करतो’ याला कोश ‘वालुतो’ सांगतो, ‘लु’वर जोर देऊन, कारण ‘वालुता’ (चलन) या नामाचा जोर तिथे आहे. पुष्कळ इटालियन माणसे मात्र ‘वा’वर जोर देतात. ‘एवितो’ (मी टाळतो) याचा जोर लॅटिनच्या हिशेबाने ‘वि’वर हवा होता, आज सगळे ‘ए’वर देतात आणि तेच शुद्ध ठरले आहे. जे शब्द आईकडून आले त्यांचा आघात हलला नाही. जे पुस्तकातून आले त्यांचा घसरला.

आणि जोर चुकला की हसू येते. ते हसू कोणाला सोसावे लागते, हेही ठरलेले असते. तोस्कानाच्या डोंगरातल्या बार्बियाना गावच्या शाळेतल्या मुलांनी डॉन मिलानींबरोबर १९६७ साली एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तक लिहिले. गरिबांची मुले भाषेपायी शाळेबाहेर फेकली जातात, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. ‘न’-‘ण’वरून हसू झालेल्या मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागणार नाही. ऑगस्टिन हाडाला ‘ओस्सुम्’ म्हणायला तयार झाला, तेव्हा तो अशा हसण्याच्या विरुद्ध बाजूला उभा होता.

या साऱ्या शोधात मला अनपेक्षितपणे गोवाही भेटला. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लोरेन्सचा व्यापारी १५८०च्या दशकात मिरीच्या व्यापारासाठी कोचीनला आणि गोव्याला राहिला, आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. घरच्या मित्रांना लिहिलेल्या एका पत्रात त्याने नोंदवले की इथल्या पंडितांच्या भाषेतले कितीतरी शब्द आपल्यासारखे आहेत: देव आणि ‘दिओ’, सर्प आणि ‘सेर्पे’, सप्त आणि ‘सेत्ते’, अष्ट आणि ‘ओत्तो’, नव आणि ‘नोवे’. विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षे आधी एका इटालियन कानाने हे ऐकले होते. बाजारातल्या आकड्यांकडे कान दिला असता तर त्याला आणखी एक गोष्ट सापडली असती. लॅटिन ‘सेप्तेम्’चे इटालियनमध्ये ‘सेत्-ते’ झाले. संस्कृत ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्-त’ झाले आणि त्याचा आपला ‘सात’. दोन देशांतल्या सामान्य तोंडांनी एकाच अवघड जोडाक्षरावर एकच उपाय काढला.

सास्सेत्तीच्या यादीत नसलेली एक जोडी मी वहीत लिहून ठेवली आहे. ‘पेर्दोनो’मधला ‘दोनो’ ज्या लॅटिन ‘दोनुम्’चा, त्याचे संस्कृत भावंड म्हणजे आपले ‘दान’. क्षमा करणे म्हणजे पुरते देऊन टाकणे. म्हातारीच्या तोंडी मी हे दान घातले होते. ते सुंदर होते आणि चूक होते.

मराठीला ही संदिग्धता ठेवताच येत नाही. आपले क्रियापद पुरुष आणि वचन उघड सांगते. ‘करते’ आणि ‘हरतात’ कधीही एकसारखे दिसणार नाहीत. इटालियन वाचकाला कागदावर क्षणभर दोन्ही अर्थ दिसू शकतात, पण तोंड उघडले की एक निवडावाच लागतो. कथेत पुढे म्हातारी उठते आणि मुलांच्या फाटक्या पिशव्या उसवून पुन्हा शिवायला घेते. क्षमा असती तर तिने त्या तशाच उचलून ठेवल्या असत्या, असे मला आता वाटते.

पुढच्या वाचनाला मी दुरुस्त केलेला अनुवाद घेऊन गेले. मूळ वाक्य आधी इटालियनमध्ये म्हटले, जोर ‘पेर्’वर ठेवून. मग मराठी: ‘हरतातच ती. नेहमीच.’ त्या बाई या वेळी आल्या नव्हत्या. कोणी काही बोलले नाही, आणि मी पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.